पहिल्या रांगेत किल्लारीची माणसं

तालुक्याच्या ग्रंथमहोत्सवात ‘लेखक आपल्या भेटीला’ या सत्रासाठी बोलाल का, असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पहिलंच पुस्तक, तेही आपल्याच भागावरचं, आणि बोलावणारी आपलीच माणसं. नाही कशाला म्हणायचं? पण फोन ठेवता ठेवता वाचनालयाचे सचिव म्हणाले, “किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, सगळीकडून माणसं येणारेत बरं का मॅडम. तुमचा विषयच तसा आहे.” त्या एका वाक्यानं पुढचे कित्येक दिवस माझी झोप गेली.

माझं पुस्तक 1993 च्या किल्लारीच्या भूकंपावर आहे. त्याहीपेक्षा नेमकं सांगायचं तर भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांमधल्या बायकांच्या आठवणींवर. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचा तो पट्टा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आमच्याकडे ही वेळ कुणालाही विचारा, घड्याळ न बघता सांगतात. गणपती विसर्जनाची रात्र होती. मिरवणूक आटोपून लोक उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. मी तेव्हा सहावीत होते. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले, बळद फुटलं, पण माणूस एकही गेला नाही. पुढे शिक्षिका झाले आणि पुनर्वसित गावातल्या शाळेत नेमणूक मिळाली. तिथल्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नांमधून हे पुस्तक सुरू झालं.

शाळेत रोज बोलते, पालकसभा घेते, 26 जानेवारीला सूत्रसंचालन करते. म्हणून घरात कुणाला माझी भीती खरी वाटेना. नवरा म्हणाला, “साठ पोरांसमोर गरजतेस, तिथं काय होतंय तुला?” त्याला सांगून समजलं नसतं. वर्गात मला जे माहीत असतं ते मुलांना माहीत नसतं. इथे मी जे सांगणार होते ते समोरच्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं. मी त्यांचंच त्यांना सांगणार, तेही स्टेजवर बसून, गळ्यात हार आणि खांद्यावर शाल घेऊन. याचीच मला धडकी भरली होती.

अंगात काय काय व्हायचं ते सांगते, कारण असं आपल्या एकट्यालाच होतं असं प्रत्येकाला वाटतं. संध्याकाळी भाजी चिरताना अचानक छातीत धडधड सुरू व्हायची. हात गार पडायचे. तोंडाला कोरड पडायची आणि पाणी पिऊनही ती जायची नाही. माझी भाची डॉक्टर आहे. ती म्हणाली, “मावशी, हे अॅड्रेनॅलिन आहे. शरीराला वाटतं पळायचं किंवा लढायचं आहे. मग रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून बोटं गार पडतात, लाळ कमी होते म्हणून कोरड पडते. बिघडलेलं काही नाही.” तिनं एक उपाय सांगितला: श्वास घेताना चार आकडे मोजायचे, सोडताना सात-आठ. सोडायचा श्वास लांबला की ठोके थोडे उतरतात. मी ते करून बघितलं. धडधड उतरायची हे खरं, पण पोटातला गोळा तिथंच असायचा.

मग मी माझ्या सवयीनं गेले आणि सगळं भाषण लिहून काढलं. अर्ध्या तासासाठी वहीची बारा-तेरा पानं. खोलीचं दार लावून मोठ्यानं वाचायला लागले, तर दुसऱ्याच परिच्छेदात दम लागला. लिहिताना माझी वाक्यं लांब होतात. ‘जे’ला ‘ते’ लागतं, मध्ये एक कंस येतो, शेवटी क्रियापद. कागदावर ती छान दिसतात, पण तोंडानं म्हणताना वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास पुरत नाही आणि ऐकणाऱ्याला सुरुवात आठवत नाही. शिवाय वाचून दाखवायचं तर मान खाली. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासमोर मान खाली घालून कागद वाचायचा, हे मला काही केल्या पटेना.

2022 मध्ये उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा मी शिक्षिका मैत्रिणींबरोबर गेले होते. एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन, मोठा मंडप, आम्ही अगदी मागे. तिथे एका परिसंवादात एक वक्ते कागदावरची नजर न उचलता वाचत राहिले. विषय उत्तम, अभ्यास उत्तम, पण आमच्या भोवतीच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. त्यांच्यानंतर एक बाई आल्या. त्यांच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद होता आणि त्याच्याकडे त्यांनी एकदा-दोनदाच पाहिलं. त्या काय बोलल्या ते मला आजही आठवतं. वहीची पानं बाजूला ठेवताना मला त्या बाई आठवल्या.

खरी मदत झाली ती माझ्या मामांची. मामा वारकरी कीर्तनकार, आता सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर गावोगावच्या सप्त्यांमध्ये उभे राहिलेले. मी फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होते, तर म्हणाले, “कशाला घाबरायलीस? ये इकडं, बसून बोलू.”

ओसरीवर बसवून त्यांनी मला जे सांगितलं ते वक्तृत्वाच्या कुठल्या वर्गात ऐकायला मिळालं नसतं. वारकरी कीर्तनात निरूपणाला एकच अभंग घेतात. दोन तास बोलायचं असलं तरी मूळ अभंग एक. दृष्टांत कितीही येवोत, ओव्या येवोत, प्रमाणं येवोत, परतायचं त्याच चरणावर. “तू काय काय सांगणार हायस?” त्यांनी विचारलं. मी यादी सांगितली: भूकंपाआधीची गावं, ती रात्र, मदतकार्य, पुनर्वसन, बायकांचं बदललेलं जगणं, पुस्तक कसं झालं. मामा हसले नाहीत. म्हणाले, “ही तर सहा कीर्तनं झाली. तुझा अभंग कोणता, ते सांग आधी.”

मला उत्तर देता येईना. मामा उठून गुरांना वैरण टाकून आले, चहा झाला, तरी मी विचारच करत होते. शेवटी म्हटलं, “मामा, नव्या गावात इतकी वर्षं राहूनही बायका जुन्या गावाला ‘गावात’ म्हणतात आणि नव्याला ‘इथं’ म्हणतात. मला तेवढंच सांगायचंय.”

“मग तेवढंच सांग,” मामा म्हणाले.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. कीर्तनाला उभं राहिल्यावर ते लगेच बोलत नाहीत. वीणेकरी, टाळकरी, मृदंग सुरू असतो, नामघोष चालतो, तेवढ्या वेळात ते समोरची माणसं बघून घेतात. कोण ओळखीचं आहे, कोणाच्या घरात नुकतं दुःख झालंय, पोरं किती, म्हातारी किती. “तुझ्यामागं टाळकरी नसतील,” ते म्हणाले, “तरी तेवढा वेळ तू घे. माणसं बघितल्याशिवाय तोंड उघडू नको. पहिलं वाक्य पाठ ठेव, शेवटचं पाठ ठेव. मधलं तुझ्या ओळखीचं हाय, ते येतंय आपोआप.”

पहिलं वाक्य ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तारखेनं सुरुवात करावी, तर ती सगळ्यांनाच माहीत. आकड्यानं करावी, तर कोणत्या? मृतांचा आकडा कुठे 7928 सापडतो, कुठे 9748. पुस्तकात मी दोन्ही दिले आहेत आणि फरक का पडतो ते सांगितलं आहे. पण स्टेजवरून असे आकडे वाचून दाखवायचे आणि समोर त्यातल्याच कुणाची आई बसलेली, हे मला नको होतं. खूप वाक्यं लिहून खोडली. शेवटी जे उरलं ते असं: “माझं गाव पडलं नाही.” मी कोण आहे आणि कोण नाही, ते त्यांना आधी कळायला हवं होतं. हे एकदा बोलून टाकलं की पुढचं सगळं मला ऐकणाऱ्याच्या जागेवरून सांगता येणार होतं.

आणि एक काम राहिलं होतं, ते भाषणापेक्षाही गरजेचं. पुस्तकात एका आजींची आठवण आहे. मातीचं माळवद कोसळून त्यांचं घर गेलं, मुलगा गेला. पुस्तकात त्यांचं नाव बदललंय, मुलाचं नाव दिलेलं नाही, ते त्यांच्याच संमतीनं. पण छापणं निराळं आणि त्यांच्याच पंचक्रोशीत माइकवरून सांगणं निराळं. तिथे नाव बदललं तरी लोक ओळखणारच. म्हणून रविवारी बस धरून त्यांच्याकडे गेले. आजी दारात तूर पाखडत बसल्या होत्या. मी विचारलं, “आजी, सभेत तुमचं सांगू का? नको असेल तर नाही सांगत.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, “सांग की बाई. पण लेकराचं नाव घेऊन सांग. नाव न घेता सांगितलं की कुणाचं बी लेकरू होतंय ते.”

नंतर त्यांनी मला ते नाव पुन्हा एकदा नीट सांगितलं, शाळेत घातलेलं आणि घरात हाक मारायचं, दोन्ही. ती परवानगी सभेपुरती होती, म्हणून इथे मी ते लिहीत नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की भीती तेवढीच आहे, पण आता ती कशाची आहे ते मला माहीत आहे. लोक काय म्हणतील याची काळजी मागे पडली होती. ते नाव मला न अडखळता घेता यायला हवं, एवढंच डोक्यात होतं. घरी आल्यावर रोज झोपण्यापूर्वी मी ते वाक्य मोठ्यानं म्हणायचे. पहिल्या दिवशी घसा भरून आला. हळूहळू म्हणता यायला लागलं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी होती. पालखीत पुस्तकं, पुढे शाळेची लेझीम पथकं, डोक्यावर कळशी घेतलेल्या मुली, मागे वाचनालयांचे फलक. आमच्याकडच्या या गावोगावच्या वाचनालयांबद्दल मला नेहमी लिहावंसं वाटतं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, अनुदान मिळतं, पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातला ग्रंथपाल ज्या मानधनावर वर्षानुवर्षं कुलूप उघडतो, त्यात त्याचं घर चालत नाही. तरी तो उघडतो. असे कितीतरी ग्रंथपाल त्या दिंडीत भरउन्हात चालत होते. माझ्या शेजारी चालणारे काका त्यांच्या गावातलं वर्तमानपत्र रोज सकाळी स्वतः आणून टेबलावर ठेवतात. महोत्सव असल्या माणसांवर उभा राहतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दिंडीत चालताना माझी छाती धडधडत नव्हती. पायांना काम होतं म्हणून असेल.

मंडपात पोहोचल्यावर मात्र सगळं परत आलं. माझं सत्र दुपारचं, जेवणानंतरचं. मला जेवण गेलं नाही, ताटातलं पोळी-वरण चिवडत बसले. पुस्तकांच्या दालनांमधून एक चक्कर मारली. एका टेबलावर माझं पुस्तक ठेवलेलं होतं, त्यावर धूळ बसू नये म्हणून विक्रेत्यानं प्लास्टिक टाकलं होतं. ते बघूनही बरं वाटलं नाही. कुणीतरी विकत घेईल, वाचेल आणि मग मला ऐकेल, हाच विचार.

सत्राआधी रिकाम्या मंडपात मी स्टेजवर जाऊन उभी राहिले. साउंडवाला एक तरुण मुलगा होता, वायर गुंडाळत होता. मी माइकला तोंड लावून “हॅलो” म्हटलं आणि माझाच आवाज क्षणभरानं मागच्या स्पीकरमधून परत येऊन आदळला. मी दचकले. तो म्हणाला, “मॅडम, वर्गातल्यासारखं ओरडू नका. माइक हनुवटीच्या खाली ठेवा, वीतभर अंतर ठेवा. मागच्या आवाजाकडं ध्यान देऊ नका, तो उशिरानं येणारच.” त्यानं माइकचा स्टँड माझ्या उंचीला लावून दिला, स्क्रू घट्ट केला आणि म्हणाला, “आता तुमचं बोलणं होईपर्यंत कुणाला हलवू देत नाही.” मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. बोलणाऱ्याला धीर देण्यात अशा माणसाचा वाटा केवढा असतो, ते त्या दिवशी कळलं. पोडियम मी बाजूला काढायला सांगितला. पाय थरथरले तर दिसतील, हे माहीत होतं. पण आडोसा ठेवून हे बोलायचं नव्हतं.

मग लोक येऊ लागले. सचिवांनी म्हटल्याप्रमाणे खरंच जीप करून आले होते. पहिल्या रांगेत धोतर-टोपीतले चार-पाच म्हातारे, त्यांच्या मागे बायका. उजव्या कडेला त्या आजी. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. नातवाला घेऊन आपल्या आपण आल्या होत्या.

माझी ओळख करून देत होते तेव्हा मी श्वास मोजत होते. घेताना चार, सोडताना आठ. हातातलं पोस्टकार्डाएवढं कार्ड घामानं मऊ पडलं होतं. त्यावर एवढंच: पहिलं वाक्य, ‘गावात’ आणि ‘इथं’, नाव, शेवटचं वाक्य. उठले, माइकपाशी गेले आणि मामांनी सांगितल्याप्रमाणे गप्प राहिले. डावीकडून उजवीकडे माणसं बघितली. पहिल्या रांगेतल्या एका बाबांनी मान हलवली, “हं, बोल” अशी. आजींचा नातू चप्पल काढून खुर्चीवर मांडी घालून बसत होता. तेवढ्या वेळात ठोके कानात वाजत होते, पण माणसं वेगवेगळी दिसायला लागली होती. आता ती नुसती गर्दी नव्हती.

“माझं गाव पडलं नाही,” मी म्हटलं. आवाज कापला, सगळ्यांना ऐकू आला असणार. मागच्या स्पीकरमधून तोच कापरा आवाज परत आला. दुसरं वाक्य म्हटलं, तिसरं म्हटलं. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून मी एका मागून एका माणसाशी बोलायला लागले. एक वाक्य या बाबांना, एक त्या ताईंना. मी भाषण करत नव्हते, सांगत होते.

बायकांच्या ‘गावात’ आणि ‘इथं’बद्दल सांगितलं तेव्हा मागच्या रांगांमधून हुंकार आले. 52 गावांचं पूर्ण स्थलांतर झालं. नवी गावं रुंद सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची. जुन्या गावात बोळात उभं राहून चार घरांशी बोलता यायचं. इथं शेजारीण हाकेच्या पलीकडे गेली. नदी लांब गेली, शेत लांब गेलं, देवळाचं अंगण गेलं. घर पक्कं मिळालं, त्याबद्दल कुणीही वाईट बोलत नाही. पण माहेरवाशीण यायची ती कुठल्या वेशीतून, हा प्रश्न बायकांना अजून पडतो. हे बोलताना एका ताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मला वाटलं आता मलाही रडू येणार. मी थांबले. पाणी प्यायले. ग्लास दातांना लागून वाजला. कुणी हललं नाही. पुन्हा सुरू केलं.

नाव घेण्याची वेळ आली तेव्हा मी आजींकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी नाव घेतलं, शाळेतलं आणि घरातलं, दोन्ही, न अडखळता. आजींनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला. बाकी त्यांचा चेहरा होता तसाच होता.

बोलणं वेळेआधी संपलं. प्रश्नोत्तरांची मला आधी सगळ्यात जास्त भीती होती, पण झालं उलटंच. पहिल्या रांगेतले ते मान हलवणारे बाबा उठले. माइक घ्यायला नकार दिला, तसंच खड्या आवाजात म्हणाले, “आदल्या वर्षी, 92 ला, दिवाळीच्या आगंमागं किल्लारीत धक्के बसत व्हते. आम्ही भाईर झोपायचो. मग बंद झाले, परत आत गेलो. हे तुझ्या पुस्तकात हाय का?” आहे, मी म्हटलं. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे लहान धक्क्यांची मालिकाच झाली होती, आणि तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. बाबा म्हणाले, “मग बरं.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पण एवढ्या वर्षांनी का आलीस इचारायला?”

मंडप शांत झाला. या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं, तरी आवाज कापला नाही. मी सांगितलं की शाळेतल्या मुलांनी विचारलं म्हणून आले. ती मुलं भूकंपानंतर जन्मलेली, त्यांना त्या पडक्या गावात आजोबा अजून का जातात ते कळत नव्हतं, आणि घरात विचारलं की मोठी माणसं गप्प होत होती. “ती गप्प का होतात हे मला मुलांना सांगायचं होतं, म्हणून मी तुमच्याकडे आले.” बाबा बसले. बसता बसता शेजाऱ्याला काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही.

मग अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, “एवढ्या जाड भिंती होत्या, तरी घरं का पडली?” हा प्रश्न येताच माझ्यातली शिक्षिका जागी झाली. तिला समजावून सांगितलं: भिंती दोन-अडीच फुटांच्या, पण गोल, न घडवलेल्या दगडांच्या आणि मातीच्या गिलाव्यात रचलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चुरा भरलेला. दोन्ही थरांना आरपार बांधणारे दगड जवळजवळ नसायचेच. त्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं. धक्का बसला तेव्हा दोन्ही थर सुटे झाले आणि वरचा सगळा भार खाली आला. भूकंप 6.2 तीव्रतेचा होता, जगात अशा तीव्रतेचे भूकंप दरवर्षी होतात. इथे एवढी माणसं गेली ती पहाटेच्या वेळेमुळे आणि त्या माळवदांमुळे. मुलगी वहीत लिहून घेत होती. बाबा मान हलवत होते. त्या काही मिनिटांत मला माइक, स्टेज, मंडप, कशाचंच भान नव्हतं. नंतर कळलं की माझे हात गरम झाले होते.

ज्यांना अशी भीती वाटते त्यांना मी आता एवढं सांगते: समोरच्या एका माणसाला खरोखर जाणून घ्यायची असलेली एखादी गोष्ट तुमच्याजवळ असू द्या आणि ती त्याला समजावून सांगा. श्वास, पाणी, माइकचं अंतर, हे सगळं उपयोगी आहे, मी ते सोडणार नाही. पण माझी थरथर थांबली ती त्या मुलीच्या प्रश्नानं.

सत्र संपल्यावर पुस्तकांच्या टेबलापाशी बसले. मान हलवणाऱ्या बाबांनी पुस्तक घेतलं आणि म्हणाले, “वाचायला येत न्हाई मला, नात वाचून दाखवील.” त्यांच्या नातीच्या नावानं सही करून दिली. सही करताना अक्षर वेडंवाकडं आलं, कारण आता अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं झालं होतं आणि प्रचंड भूक लागली होती. आजी जाताना फक्त “बरं बोललीस” म्हणाल्या आणि नातवाला पुढे घालून जीपकडे निघाल्या.

घरी येऊन मामांना फोन केला. “किती येळ गप ऱ्हायलीस?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

आता फेब्रुवारीत पुनर्वसित गावातल्या एका वाचनालयात बोलवलंय. स्टेज नाही, माइक नाही, सतरंजी टाकून बसायचं. निमंत्रण वाचताच पोटात तोच गोळा आला, आणि मी त्याला काही म्हटलं नाही. सचिवांना एवढंच कळवलं की या वेळी आधी लोकांना बोलू द्या, प्रश्न आधी घेऊ, मी नंतर बोलेन. आणि ज्यांना आपल्या घरातल्या कुणाचं नाव सांगायचं असेल त्यांच्यासाठी वेळ मोकळा ठेवा. ते म्हणाले, “मग कार्यक्रम लांबेल मॅडम.” मी म्हटलं, लांबू द्या, मी मुक्कामाच्या तयारीनं येते.